थ्रिलर बघायला बसलास? आधी मोबाइल उपडा ठेव

अख्खी मालिका एका रात्रीत संपवू नकोस. मी एकदा संपवली आणि सकाळी कॉलेज रोडला मिसळ खाताना मित्राला खुनी कोण ते धड सांगता येईना. दोन मालिकांची डोक्यात खिचडी झालेली.

सुरुवात ‘दृश्यम’पासून कर. जीतू जोसेफचा मूळ मल्याळी २०१३चा, निशिकांत कामतचा हिंदी २०१५चा. जमलं तर मूळ आधी, सबटायटल लावून. गुन्हा कुणी केला हे आपल्याला आधीच कळतं, तरी जीव टांगणीला लागतो तो ते कुटुंब पकडलं जाईल का यावर. हिंदीतली पणजीची पावभाजी, जपून ठेवलेली बसची तिकिटं पहिल्या वेळी किरकोळ वाटतात. दुसऱ्यांदा बघ, मग कळेल प्रत्येक तिकीट कशासाठी होतं.

नंतर श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ (२०१८). कोबीच्या शेतातला ससा दिसला की कंटाळून पुढे ढकलू नकोस, त्याचं काम शेवटी आहे. शेवटावर भांडायला मला फोन कर.

मराठीत ‘समांतर’ ही वेब मालिका आहे, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची. मला पुस्तक जास्त आवडलं. पण स्वप्निल जोशी गोड हिरोपेक्षा वेगळा बघायचा असेल तर बघ.

आणि माझ्या आत्यासारखं ‘हा मघाशी मेला ना रे?’ विचारणारं कुणी घरात असेल, तर ते झोपल्यावरच लाव.