बॅबिलोन नंतर, आधी एलिफंटाइन

ज्यूंच्या प्राचीन परदेशवासाचा अभ्यास सुरू करतोयस, तर बॅबिलोन नंतर घे, इजिप्तपासून कर. आस्वानजवळ नाईलमध्ये एलिफंटाइन नावाचं बेट आहे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात तिथे इराणी साम्राज्याच्या चाकरीतले ज्यू शिपाई बायकामुलांसह राहत. त्यांची अरामी भाषेतली कागदपत्रं पपायरसवर टिकून राहिली आहेत.

पहिल्यांदा तामेतचं लग्नपत्र वाच. ही इजिप्शियन दासी. इ.स.पू. 449 मध्ये तिथल्या ज्यूंच्या देवळाचा सेवक अनन्या याच्याशी तिचं लग्न झालं. सोबत काय आणलं, तर एक लोकरी वस्त्र, आरसा, चपलांचा जोड असं थोडंसं. पण काडीमोड घ्यायचा हक्क दोघांनाही! तिची गुलामी मात्र चालूच राहिली. मालकाने आपल्या मृत्यूनंतर तिला आणि मुलीला मोकळं करण्याचं लिहून दिलं ते 427 मध्ये. राजांच्या शिलालेखांत अशी बाई तुला कुठे भेटणार?

मग देवळाचं प्रकरण घे. देऊळ जेरुसलेमलाच असावं असा ज्यू धर्मग्रंथाचा दंडक, तरी जेरुसलेमबाहेर या ज्यूंचं स्वतःचं देऊळ होतं, हे वाचून ‘धर्म सोडलेले लोक’ असा शिक्का मारू नकोस. इ.स.पू. 410 मध्ये ख्नूम या इजिप्शियन देवाच्या पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकारी विद्रंगाला हाताशी धरून ते पाडवलं. 407 मध्ये या ज्यूंनी यहुदाचा (जेरुसलेमच्या प्रांताचा) इराणी साम्राज्याने नेमलेला सुभेदार बगोही याला अर्ज केला. त्यात लिहिलंय की इजिप्त जिंकणाऱ्या इराणी राजा कंबायसिसने इजिप्शियन देवळं पाडली, पण आमच्या देवळाला धक्का लागला नाही. इथे सावध राहा. हे अर्जदाराचं म्हणणं आहे, आणि अर्ज इराणी अधिकाऱ्याकडेच चाललाय.