वडिलांची फील्ड टेस्ट बिघडलेली आली, पुन्हा करायला सांगितली आहे. हा पैसे काढायचा प्रकार आहे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडील ६८ वर्षांचे, चष्म्याने दोन्ही डोळ्यांनी ६/६ वाचतात. तरी काचबिंदूच्या संशयावरून फील्ड टेस्ट केली (म्हणजे ठिपका दिसला की बटण दाबायचं, त्यावरून आजूबाजूचं किती दिसतं ते मशीन मोजतं), उजव्या डोळ्याच्या कागदावर वरच्या भागात काळं, म्हणजे कमी दिसणारी जागा, आलं आणि डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवसांनी परत करू. मग पहिली वाया गेली का? याहून सोपी पद्धत नाही का?

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, या मशीनवर रोज पेशंट बसवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. पहिल्याच कागदावर विसंबून आयुष्यभराचे थेंब सुरू करणाऱ्यापेक्षा परत तपासणारा बरा.

६/६ चा तक्ता फक्त मधली नजर मोजतो. एका डोळ्याला कानाच्या बाजूला ९० अंशांच्या थोडं पुढेपर्यंत, नाकाकडे आणि वर साधारण ६० अंश, खाली ७० च्या आसपास दिसतं. काचबिंदू सहसा मधली नजर बराच काळ शाबूत ठेवतो आणि बाजूची आधी खातो. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून पेशंटला पत्ताच लागत नाही.

सोप्या पद्धती आहेत, आणि आम्ही त्या वापरतोही. पेशंटच्या समोर हातभर अंतरावर बसायचं, त्याने उजवा डोळा झाकला की आपण आपला डावा झाकायचा, त्याला आपल्या डोळ्याकडे बघायला सांगायचं आणि चारही कोपऱ्यांत बोटं दाखवून विचारायचं, किती? मोजमाप आपल्याच नजरेशी. बाहुली मोठी करायच्या थेंबांच्या बाटलीचं लाल टोपण बोटांऐवजी धरलं तर मेंदूकडे जाणाऱ्या वाटेतला दोष जास्त चांगला सापडतो: अर्ध्या बाजूला तोच लाल फिका वाटतो. पक्षाघातानंतर किंवा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठीत गेलेली अर्धी बाजू यात दोन मिनिटांत कळते. पण काचबिंदूची सुरुवात इथे हमखास निसटते. ॲम्सलरचा चौकटीचा कागद डोळ्यातल्या पडद्याच्या मधल्या भागासाठी, त्याचा इथे उपयोग नाही.

कोपनहेगनचे डॉ. बियेरुम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या खोलीच्या दाराची मागची बाजूच पडदा म्हणून वापरली आणि त्यावर काचबिंदूचा कमानीसारखा डाग शोधला. पुढे १९४५ मध्ये बर्नच्या गोल्डमन यांनी पांढऱ्या अर्धगोलाचं यंत्र केलं. त्यात तपासणारा हाताने प्रकाशाचा ठिपका बाहेरून आत आणतो आणि दिसला की खूण करतो. ज्यांना बटणाची टेस्ट झेपत नाही त्यांच्यासाठी मला आजही तीच बरी वाटते, फक्त ती करणारा हात तयार हवा.

तुमच्या वडिलांची झाली ती बहुधा हम्फ्री मशीनवरची २४-२ नावाची टेस्ट असावी. मधल्या २४ अंशांत, सहा-सहा अंशांवर, ५४ बिंदू. प्रत्येक ठिपका जेमतेम ०.२ सेकंद दिसतो. प्रत्येक जागी ठिपका मंद करत करत मशीन शोधतं, की साधारण निम्म्या वेळा दिसेल इतका उजेड कुठला. म्हणजे निरोगी डोळ्यालाही बरेच ठिपके दिसणारच नाहीत, तशी रचनाच आहे. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट घाबरतो आणि अंदाजाने बटण दाबत सुटतो.

म्हणून काळ्या डागांकडे बघण्याआधी कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातले आकडे बघा. प्रत्येक डोळ्यात कानाच्या बाजूला सुमारे १५ अंशांवर एक नैसर्गिक आंधळी जागा असते. मशीन मध्येच तिथे ठिपका टाकतं. बटण दाबलं गेलं तर नजर हलली, किंवा ती जागा नीट पकडली गेली नव्हती. हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं की आकड्यापुढे फुल्या येतात, म्हणजे कागदावर विसंबू नका. ठिपका नसताना दाबलेलं बटण वेगळं मोजतात. ते जास्त असेल तर कागदावर पांढरे पट्टे येतात आणि खराब डोळा छान दिसतो. मला काळ्यापेक्षा याचीच भीती जास्त वाटते.

वरच्या भागातलं काळं म्हटल्यावर माझ्या मनात आधी पापणी येते. या वयात ती ओघळते. मी पट्टी लावून उचलतो आणि पुन्हा घेतो. बरेचदा डाग जातो. चाचणीची काच डोळ्यापासून लांब राहिली तर तिच्या कडेची सावली पडते, ती कागदाच्या काठाने येते. चारही बाजूंना काळं आणि मध्ये चार पाकळ्या पांढऱ्या राहिल्या तर माणूस दमला होता किंवा डुलकी लागली होती, कारण मशीन त्या चार जागांपासूनच सुरुवात करतं. खरा काचबिंदू मात्र बहुधा आडवी मध्यरेषा पाळतो: डाग रेषेच्या वर किंवा खाली थांबतो, पुष्कळदा नाकाच्या बाजूला पायरीसारखा. मेंदूतला दोष उभी रेषा पाळतो.

अमेरिकेत डोळ्याचा दाब वाढलेल्या लोकांवर झालेल्या ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडीत बिघडलेल्या आलेल्या फील्डपैकी जवळपास ८६ टक्के पुन्हा केल्यावर तशा आल्या नाहीत. आणि त्या विश्वासार्ह धरलेल्या फील्ड होत्या. तुमच्या वडिलांचा डाग त्याच जागी परत आला, आणि डोळ्याच्या शिरेच्या ओसीटीतही (प्रकाशाने थरांची जाडी मोजणाऱ्या स्कॅनमध्ये) खालच्या बाजूला पातळपणा दिसला, तर मात्र तो खरा धरायचा. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, म्हणून वरचा डाग शिरेच्या खालच्या तंतूंचा.

परत जाताना त्यांना सकाळी, पोटभर नाश्ता करून न्या. दमल्यास बटण दाबून धरलं की टेस्ट थांबते, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. पापणी मिटायची तर बटण दाबताना मिटायची. कान कमी असतील तर सूचना सुरुवातीलाच समोर बसून सांगायला लावा, आत अंधारात काही ऐकू येत नाही. जुना कागदही न्या, आणि पापणीचं तंत्रज्ञाला तुम्हीच आठवण करून द्या.