कोसळणारा तारा उसळतो कसा?

प्रश्न : मी आठवीला विज्ञान शिकवते. मोठे तारे स्वतःच्याच वजनाने आत कोसळतात आणि मग त्यांचा स्फोट होतो, असे सांगितले की मुले विचारतात, आत पडणारी वस्तू बाहेर कशी फेकली जाईल? हे वर्गात करून दाखवता येईल का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : हो, बास्केटबॉल आणि टेनिसबॉल एवढ्याच साहित्यात दाखवता येईल. बास्केटबॉल नसल्यास नीट हवा भरलेला फुटबॉलही चालतो. मोठा चेंडू कमरेच्या उंचीवर धरून त्यावर अगदी मधोमध टेनिसबॉल टेकवावा आणि दोन्ही एकदम सोडावेत. मोठा चेंडू नेहमीपेक्षा कमी उसळतो, टेनिसबॉल मात्र डोक्याच्याही वर उडतो. प्रयोग मैदानावरच करावा, कारण वरचा चेंडू जरा जरी सरकला तरी तिरका सुटतो.

मोठा चेंडू जमिनीवर आपटून वर निघतो, तेव्हा टेनिसबॉल जवळपास तेवढ्याच वेगाने खाली येत असतो. म्हणजे त्यांचा सापेक्ष वेग दुप्पट असतो, आणि टक्कर होऊन दिशा उलटल्यावर त्यात मोठ्या चेंडूचा वेग मिळवला की टेनिसबॉलचा वेग तिप्पट होतो. उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती आदर्श स्थितीत नऊपट व्हायला हवी. प्रत्यक्षात ती बरीच कमी भरते. एकूण ऊर्जा वाढलेली नसते, ती हलक्या चेंडूकडे गेलेली असते, हे मुलांना आवर्जून सांगावे.

सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याच्या गाभ्यात अखेरीस लोह साचते. लोहाच्या सम्मीलनातून, म्हणजे त्याची अणुकेंद्रके एकमेकांत मिसळण्यातून, ऊर्जा मिळत नसल्याने आधार सुटतो आणि साधारण पृथ्वीएवढा गाभा एका सेकंदाच्या आत काही डझन किलोमीटरांपर्यंत आक्रसतो. तेथील द्रव्य अणुकेंद्राइतके घन होऊन ताठरते, गाभा मोठ्या चेंडूसारखा उसळतो आणि टेनिसबॉलप्रमाणे वरून कोसळणाऱ्या थरांना धडकतो.

चेंडूंची साथ एवढीच. ताऱ्यातील ही धडक लोहाची केंद्रके फोडण्यात ऊर्जा खर्च होऊन वाटेतच अडते आणि बहुधा गाभ्यातून सुटणाऱ्या न्यूट्रिनोंच्या (द्रव्यातून जवळपास न अडता जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या) उष्णतेने तिला पुन्हा बळ मिळते. हा भाग फळ्यावरच समजवावा लागेल. पण तो गाळू नये, असे मला मनापासून वाटते, कारण त्याला पुरावा आहे. 23 फेब्रुवारी 1987 रोजी मोठा मॅजेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतील अतिनवताऱ्याचे (अशा स्फोट झालेल्या ताऱ्याचे) न्यूट्रिनो जपानमधील कामिओका खाणीतल्या उपकरणाने टिपले, तेही स्फोटाचा प्रकाश पोहोचण्याच्या काही तास आधी.