एकच मुकुट, दोन भाऊ आणि दोन्ही वेळा तोच माणूस

प्रश्न : जर्मनीच्या एकीकरणाच्या इतिहासात सगळीकडे बिस्मार्कच दिसतो. सनदशीर मार्गाने देश एक करू पाहणारं कोणी नव्हतंच का?

होते, आणि पुष्कळ होते. प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याचा पंतप्रधान बिस्मार्क, त्याचे 'रक्त आणि लोखंड' (म्हणजे युद्धाच्या जोरावर) हे शब्द परीक्षेसाठी पाठ झालेले असतात, त्यामुळे बाकीचे झाकले जातात. त्यांच्यातल्या एकाबद्दल सांगतो. लाइपझिगला शिकत होतो तेव्हा दोन वर्षं त्याच्या नावाच्या चौकातून माझं रोज जाणं-येणं होतं, आणि पहिले कित्येक महिने हा कोण, हे मला माहीतच नव्हतं. एडुआर्ड फॉन झिमझोन.

जन्म १८१० चा, कोनिग्सबर्गचा. ते शहर आता रशियात आहे, कालिनिनग्राद नावाने. घर ज्यू होतं. १८२३ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या वेळच्या प्रशियात ज्यू राहून न्यायाधीश किंवा विद्यापीठात प्राध्यापक होता येत नसे, हे लक्षात घेतलं की त्या एका विधीवर पुढचं किती काय अवलंबून होतं ते कळतं. पोरगा विलक्षण हुशार. एकोणिसाव्या वर्षाच्या आत डॉक्टरेट, पंचविशीत रोमन कायद्याचा पूर्णवेळ प्राध्यापक, पुढे शिकवता शिकवता न्यायाधीशही.

मग १८४८ ची क्रांती आली. जवळपास चाळीस लहानमोठ्या राज्यांत विभागलेल्या जर्मनांनी निवडून दिलेली पहिली संसद फ्रँकफर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये भरली. झिमझोन कोनिग्सबर्गचा प्रतिनिधी म्हणून तिथे गेला आणि १८ डिसेंबर १८४८ रोजी अध्यक्ष झाला. मार्च १८४९ मध्ये राज्यघटना पूर्ण झाली. कायद्यापुढे समानता, धर्मस्वातंत्र्य, वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य, सगळं त्यात होतं. राष्ट्रप्रमुख म्हणून प्रशियाच्या राजाला, चौथ्या फ्रेडरिक विल्हेल्मला, २९० मतांनी निवडलं गेलं. २४८ जणांनी मतच दिलं नाही.

आता हा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. ३ एप्रिल १८४९, बर्लिनचा राजवाडा. समोर राजा. त्याच्यापुढे तीसेक लोकप्रतिनिधी, त्यात म्हातारे कवी आर्न्टसुद्धा, आणि सर्वांच्या पुढे अडतीस वर्षांचा झिमझोन. तो म्हणतो, लोकांच्या सभेने आपल्याला सम्राट निवडलं आहे. राजा गोड शब्दांत उत्तर देतो की, इतर राजेरजवाड्यांची संमती असल्याशिवाय मला काही ठरवता येणार नाही. हा नकारच होता. खासगी पत्रात तर या राजाने तो मुकुट चिखलमातीचा म्हणून आधीच झिडकारला होता. लोकांनी दिलेला मुकुट त्याला नकोच होता. मे महिन्यात झिमझोनने अध्यक्षपद सोडलं. संसदेचे उरलेसुरले सदस्य श्टुटगार्टला गेले, तर जूनमध्ये सैन्याने त्यांना पांगवलं.

दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. हा बसला नाही. १८५० मध्ये एर्फुर्टच्या संसदेत अध्यक्ष (तिथे चिटणिसांपैकी एक होता तरुण बिस्मार्क!), मग प्रशियाच्या विधिमंडळात अध्यक्ष, १८६७ पासून उत्तर जर्मन संघाच्या राइशटागचा, म्हणजे संसदेचा, अध्यक्ष. विचारांनी उदारमतवादी, पण खुर्चीवर बसला की पक्ष बाजूला. म्हणून तर इतक्या वेगवेगळ्या सभागृहांनी त्यालाच त्या खुर्चीवर बसवलं.

आणि १८ डिसेंबर १८७०. पहिल्यांदा अध्यक्ष झाल्याला त्या दिवशी बरोबर बावीस वर्षं झाली होती. फ्रान्सशी युद्ध चालू, राजाचा मुक्काम व्हर्सायला. झिमझोन ३० खासदारांना घेऊन तिथे पोचतो आणि राजा विल्हेल्मला सम्राटपद स्वीकारण्याची विनंती करतो. विल्हेल्म म्हणजे १८४९ च्या त्या राजाचा धाकटा भाऊ. हा हो म्हणतो. पण राजेरजवाड्यांची संमती आधीच आलेली होती, आणि ती येईपर्यंत या लोकप्रतिनिधींना भेटायचीही त्याची तयारी नव्हती. पहिल्या वेळी लोकांची सभा मुकुट देत होती, दुसऱ्या वेळी ती फक्त विनंती करत होती. महिनाभराने आरसेमहालात घोषणा झाली. ते चित्र तुम्ही पाहिलं असेलच. गणवेश आणि तलवारी, मध्ये पांढऱ्या कोटातला बिस्मार्क. संसदेचं ते शिष्टमंडळ तिथे नव्हतं. मला या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच वाटते.

काही जण म्हणतात, त्याने बिस्मार्कपुढे मान तुकवली. मला ते पटत नाही. बिस्मार्कच्या जर्मनीतही कायद्याचं राज्य आणण्याचं काम कोणीतरी करायलाच हवं होतं, आणि १ ऑक्टोबर १८७९ रोजी ते त्याच्याकडे आलं. देशाचं सर्वोच्च न्यायालय, राइशगेरिश्ट, लाइपझिगला स्थापन झालं आणि ६८ वर्षांचा झिमझोन त्याचा पहिला अध्यक्ष झाला. (बर्लिनऐवजी लाइपझिग हे राज्यांच्या सभेत ३० विरुद्ध २८ मतांनी ठरलं होतं.) हे काम केवढं किचकट असेल पाहा : देश एक, पण दिवाणी कायदा एक नाही. प्रशियाचा खटला प्रशियाच्या संहितेने, ऱ्हाइनकडचा फ्रेंच कायद्याने, सॅक्सनीचा तिथल्या संहितेने, बाकी बऱ्याच भागात जुना रोमन कायदा. सगळ्यांसाठी एकच दिवाणी संहिता लागू झाली १९०० साली. तोपर्यंत हे सगळे कायदे एकाच न्यायालयाने सांभाळले, आणि त्यातली पहिली अकरा वर्षं अध्यक्ष हा रोमन कायद्याचा जुना प्राध्यापक होता. १८८८ मध्ये त्याला सरदारकी मिळाली, 'फॉन' तेव्हाचं. १८९१ मध्ये निवृत्ती, १८९९ मध्ये बर्लिनला मृत्यू.

लाइपझिगमधली ती घुमटाची भव्य इमारत १८९५ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे अध्यक्ष म्हणून तो तिथे एक दिवसही बसला नाही. आज तिथे जर्मनीचं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय आहे. सरकारी खात्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागणाऱ्या माणसाचं प्रकरण शेवटी इथे येतं, आणि त्या पाकिटावर पत्ता असतो : झिमझोनप्लाट्झ १.