शून्य उत्तर आल्यावर

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले वहीच्या पानांचे फोटो काल रात्री सावकाश पाहिले. नऊ गणितांपैकी सहा बरोबर आहेत, आणि तरीही खाली तू लिहिले आहेस की ‘मला क्वांटम मेकॅनिक्स समजत नाही, मी फक्त इंटिग्रल सोडवते.’ हे वाक्य मला त्या सहा उत्तरांपेक्षा अधिक मोलाचे वाटले. इंटिग्रल सोडवणे आणि गणित सोडवणे यांतला फरक टी. वाय.च्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) पुष्कळ मुलांना परीक्षा होईपर्यंत जाणवत नाही. तुला तो पहिल्याच गृहपाठात खुपला.

तुझे पाचवे गणित समोर ठेवून लिहितो. अनंत उंचीच्या भिंतींच्या बॉक्समध्ये एक कण आहे, बॉक्सची रुंदी एल आहे आणि कणाचे सुरुवातीचे वेव्ह फंक्शन, म्हणजे तो कुठे सापडेल याची संभाव्यता ज्यातून मिळते ते फंक्शन, एक्स गुणिले (एल वजा एक्स) या आकाराचे आहे. तू ते नॉर्मलाइज केलेस (एकूण संभाव्यता एक येईल असे बेतलेस), सरासरी ऊर्जा काढलीस, आणि एच-बारचा (प्लँकचा स्थिरांक भागिले दोन पाय) वर्ग भागिले (वस्तुमान गुणिले एलचा वर्ग) या एककात ती ५ आली. उत्तर अचूक आहे, पण तू ते चौकटीत बंद करून लगेच पुढे गेलीस. तिथे दोन मिनिटे थांबायला हवे होते. याच एककात ग्राउंड स्टेटची, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेची, ऊर्जा पायच्या वर्गाच्या निम्मी, म्हणजे सुमारे ४.९३ असते, आणि कोणत्याही अवस्थेची सरासरी ऊर्जा त्याहून कमी असूच शकत नाही. शिवाय ही पॅराबोला आणि ग्राउंड स्टेटचा साइनचा उंचवटा एकाच कागदावर काढून पाहिलेस, तर दोन्ही जवळजवळ एकमेकांवर बसतात. मोजमापात ग्राउंड स्टेट मिळण्याची संभाव्यता तब्बल ९९.८६ टक्के आहे. तेव्हा उत्तर ४.९३ पेक्षा थोडेसेच जास्त यायला हवे, हे चित्रानेच आधी सांगितले असते. उद्या कोणाचे उत्तर ४.८ आले, तर ते चुकले आहे हे कळायला उत्तरसूची लागणार नाही.

आता त्याच गणिताचा दुसरा भाग पाहू. ऊर्जेच्या वर्गाची सरासरी काढताना तू हॅमिल्टोनियन, म्हणजे ऊर्जेचा ऑपरेटर (इथे दोनदा डेरिव्हेटिव्ह घेऊन एका स्थिरांकाने गुणणे), दोनदा लावलास. पहिल्यांदा लावल्यावर पॅराबोलाचा स्थिरांक झाला, दुसऱ्यांदा लावल्यावर स्थिरांकाचे शून्य झाले, आणि तू उत्तर ‘०’ असे लिहिलेस. माझ्या विद्यार्थिदशेत मीही नेमके हेच शून्य लिहिले होते, आणि आम्ही चौघे मित्र एकमेकांच्या वह्या पाहत असल्याने ते चारही वह्यांत पोहोचले. चौघांपैकी एकालाही ते खटकले नाही, याचे मला आजही वाईट वाटते, कारण ते खटकायला एक ओळ पुरेशी होती: वर्गांची सरासरी ही सरासरीच्या वर्गाहून कमी असू शकत नाही. इथे सरासरीचा वर्ग २५ आहे. शून्य अशक्यच आहे.

मग चूक कुठे झाली? हॅमिल्टोनियन एकदा लावल्यावर मिळालेला स्थिरांक बॉक्सभर सारखाच आहे, भिंतींपाशी तो शून्य होत नाही. बॉक्समध्ये राहणाऱ्या वेव्ह फंक्शनची अटच तो मोडतो, म्हणून त्यावर पुन्हा डोळे मिटून दोनदा डेरिव्हेटिव्ह घेता येत नाही. भिंतींवरची उडी हिशेबातून निसटते. एक हॅमिल्टोनियन डावीकडच्या फंक्शनवर आणि एक उजवीकडच्यावर लाव, म्हणजे दोन स्थिरांकांचा गुणाकार उरतो आणि उत्तर ३० येते. ते पटत नसेल, तर एनर्जी लेव्हल्सची, म्हणजे बॉक्समध्ये शक्य असलेल्या ठरावीक ऊर्जांची, मालिका मांड. विषम संख्यांच्या वर्गांच्या व्यस्तांची बेरीज पायचा वर्ग भागिले ८ असते, ती वापरलीस की पुन्हा ३०च येतात. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचण्याचा आनंद तू स्वतः घ्यावास, असे मला मनापासून वाटते. आणि तिथेच एक आश्चर्यही आहे: या ३०चा जवळजवळ पाचवा हिस्सा वरच्या अशा लेव्हल्समधून येतो, ज्यांची एकत्रित संभाव्यता ०.१४ टक्केच आहे. संभाव्यता नगण्य असली, तरी तिथली ऊर्जा मोठी आहे.

नवव्या गणितात एक नॅनोमीटरच्या बॉक्समधील इलेक्ट्रॉनची ऊर्जा तुझ्याकडे हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) आली, ती घातांकांच्या घोळामुळे. प्लँकचा स्थिरांक कॅल्क्युलेटरमध्ये भरण्यापेक्षा १२४० आणि ५,११,००० हे दोन आकडे पाठ कर: पहिला प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशवेग, इलेक्ट्रॉन-व्होल्ट-नॅनोमीटरमध्ये; दुसरा इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. पहिल्याच्या वर्गाला दुसऱ्याच्या आठपटीने भागलेस की ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ लागतात, एवढे आठवले असते तरी हजारांचा आकडा वहीत टिकला नसता.

तुझ्या पानांवर रबराने खोडल्याच्या काळपट खुणा आहेत. कृपा करून खोडत जाऊ नकोस. चुकलेल्या ओळीवर एक रेघ मार आणि शेजारी दोन शब्दांत कारण लिही. मॅक्स बॉर्न यांनी १९२६ साली वेव्ह फंक्शनचा संबंध संभाव्यतेशी जोडला, तेव्हा मूळ मजकुरात वर्ग नव्हताच. संभाव्यता वर्गाच्या प्रमाणात असते, ही दुरुस्ती त्यांनी प्रूफे तपासताना तळटीपेत घातली. ती तळटीप छापील लेखात आजही वाचायला मिळते.

सोडवलेल्या उत्तरांची पीडीएफ वर्गात फिरते आहे, असे तू लिहिलेस. स्वतःचे पानभर काम होईपर्यंत ती उघडू नकोस, एवढेच सांगतो. डोंबिवली ते सीएसएमटी या तास-सव्वा तासात वही उघडायलाही जागा नसते, हे मला ठाऊक आहे. पण चित्राला जागा लागत नाही. फंक्शन मध्यबिंदूभोवती सममित आहे का, ते किती ठिकाणी शून्य होते, कोणत्या लेव्हल्स त्यात येऊच शकत नाहीत, हे दाराजवळ उभे राहूनही ठरवता येते, आणि तेवढे ठरले की घरी पोहोचल्यावर निम्मी इंटिग्रल्स करावीच लागत नाहीत.

सहावे गणित तू कोरे सोडले आहेस: ग्राउंड स्टेटमधला कण असताना बॉक्स एकाएकी दुप्पट रुंद होतो. इंटिग्रलला हात लावण्यापूर्वी, जुनी ऊर्जा नव्या बॉक्सच्या कितव्या लेव्हलशी जुळते ते लिही, आणि तीच ऊर्जा मोजमापात मिळण्याची संभाव्यता किती असेल याचा अंदाज समासात पेनाने मांड. रविवारी चारनंतर मी दादरच्या घरीच आहे. तीच वही घेऊन ये, नव्याने उतरवलेली नको.

तुझा,
सर