भरलेली बाटली

“मॅडम, पोरं एकमेकांना चिडवतातच. मग हा छळ आहे हे ओळखायचं कसं?” शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न येतोच. मला मात्र एक पाण्याची बाटली आठवते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

सातवीतला मुलगा, चोपड्याकडच्या खेड्यातून जळगावच्या शाळेत आलेला. आई सांगत होती, मार्चचं ऊन, पारा चाळिशीला टेकलेला आणि याची बाटली संध्याकाळी जशीच्या तशी परत. घरी आला की दप्तर फेकून आधी मोरीकडे धावतो. डॉक्टरांनी लघवी तपासली, काही निघालं नाही. वडिलांचं मत ठरलेलं: “आम्हालेबी चिडवत. दोन ठेवून द्यायच्या, विषय संपला.”

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत पोरगा गप्पच. दुसऱ्या वेळी मी त्याला शाळेचा नकाशा काढायला सांगितला. त्याने वर्ग काढला, पाण्याची टाकी काढली, सायकली लावायची जागासुद्धा. मुतारी काढलीच नाही.

वर्गात एकदा तो “सर, माले समजलं नाही” म्हणून गेला होता. तेव्हापासून त्याचं नाव ‘माले’. मधल्या सुट्टीत तिघं मुतारीच्या दारात आडवे उभे राहायचे. “शंभर वेळा ‘मला’ म्हण, मग सोडू.” म्हणून याने पाणी पिणंच सोडलं. ज्या शहरातल्या विद्यापीठाला खानदेशी बोलीतच कविता रचणाऱ्या बहिणाबाईंचं नाव आहे, तिथे ही गत!

चिडवण्यात पाळी बदलते, आज तू, उद्या मी. इथे रोज तोच, समोर तिघं, आणि तो रडला तरी कुणी थांबत नव्हतं. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या याच खुणा सांगितल्यात: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा होणारा आणि बळात तफावत असलेला. एकट्या पोराला “दोन ठेवून दे” सांगणं म्हणजे त्याला आणखी मार खायला पाठवणं.

वर्गशिक्षिकांना मी एवढंच म्हटलं, चौघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावू नका. त्या तिघांशी वेगवेगळं बोलल्या, त्यांच्या पालकांना बोलावलं, मधल्या सुट्टीत मुतारीपाशी एक सर थांबू लागले. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नुसतं बघून हसणाऱ्या पोरांनी. शाळा दाद देत नसेल तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर पोरालाही पाठ असू द्या.

तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. “मॅडम, बाटली रिकामी आली. डबा मात्र भरलेलाच.”

“डब्यात काय होतं?”

“गिलक्याची भाजी.”


त्याचं काही टेन्शन घेऊ नका, म्हटलं.