मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाताना प्रवास विमा: कोणासाठी कोणता आणि किती दिवसांचा?

गुरुजी, सादर नमस्कार.

आपले सविस्तर पत्र वाचले. इतर वाचकांनाही संदर्भ कळावा म्हणून त्यातील मुख्य बाबी थोडक्यात मांडतो. आपण ६७ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, मुक्काम आर्वी तालुक्यातील गावी. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन आपल्याला एक स्टेंट बसवला आहे. आपल्या पत्नींचे, म्हणजे बाईंचे, वय ६२ असून त्यांना मधुमेह आहे, पण तो गोळ्यांवर आटोक्यात आहे. मुलीचे बाळंतपण सप्टेंबरमध्ये अपेक्षित असल्याने दोघांनी जूनमध्ये जाऊन सहा महिने राहावे, असा बेत आहे. विम्याची तीन कोटेशने आपण जोडली आहेत: भारतीय कंपनीची स्वस्त पॉलिसी दोघांची मिळून ३१ हजार रुपयांना, त्याच कंपनीची एक लाख डॉलरची पॉलिसी ५४ हजारांना आणि जावयांनी सुचवलेली अमेरिकी कंपनीची योजना १ लाख ६५ हजारांना. हा शेवटचा आकडा म्हणजे आठ एकरांच्या वर्षभराच्या मक्त्याचे पैसे, त्यामुळे तो आपल्याला जड वाटतो. त्याऐवजी तीन लाखांची मुदत ठेव अडीअडचणीसाठी मोकळी ठेवावी आणि विमा घेऊच नये, असा विचार आपण बोलून दाखवला आहे. शेजारचे एक गृहस्थ विम्याविना चार महिने राहून सुखरूप परत आले, हेही आपण लिहिले आहे.

मुदत ठेवीचा विचार आधी तपासू. अमेरिकी सरकारच्याच आरोग्य विम्याच्या संकेतस्थळावर तीन दिवस रुग्णालयात राहण्याचा सरासरी खर्च सुमारे ३० हजार डॉलर दिलेला आहे. डॉलरमागे साधारण ९० रुपये धरले तर हे २७ लाख रुपये होतात. हृदयविकाराचा झटका, अतिदक्षता विभाग आणि पुन्हा अँजिओप्लास्टी असा प्रसंग आला तर बिल याच्याही पुढे जाऊ शकते. म्हणजे आपली ठेव पहिल्याच दिवशी संपेल आणि बाकीच्यासाठी शेताच्या सातबाऱ्याकडे पाहण्याची वेळ येईल. शेजाऱ्यांचा अनुभव खरा असला तरी त्यावरून एवढेच कळते की त्यांना काही झाले नाही. झाले असते तर किती लागले असते, हे त्यातून कळत नाही. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या रुग्णालयाने गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवला होता. त्यामुळे अनेकांनी थोडे थोडे द्यायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याचा खर्च त्यातून भागवायचा, ही रीत आपल्याला नव्याने समजावण्याची गरज नाही.

आपल्याकडे आज असलेली संरक्षणे तिकडे उपयोगी पडत नाहीत, हेही स्पष्ट करतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही योजना देशातील संलग्न रुग्णालयांपुरत्या आहेत. आपण भरत असलेली वैयक्तिक आरोग्य पॉलिसीदेखील, आपण पाठवलेल्या पानांनुसार, भारतातील उपचारांपुरतीच आहे. जावयांच्या नोकरीतील विम्यात अमेरिकेत सहसा पत्नी आणि मुले येतात, सासू-सासरे नाहीत. तेथील ज्येष्ठांची मेडिकेअर योजना पाहुण्यांसाठी नाही. युरोपातील शेंगेन देशांचा व्हिसा घेताना किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी तशी सक्ती नाही, आणि नेमकी त्यामुळेच ही बाब आपल्याकडे शेवटच्या आठवड्यापर्यंत रेंगाळते. तेथे १९८६ च्या एका कायद्यानुसार आपत्कालीन विभागाने रुग्णाच्या खिशात पैसे आहेत की नाही हे न पाहता त्याची तपासणी करून प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे, हे खरे आहे. परंतु तो कायदा उपचार मिळवून देतो. बिल माफ करत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण तिन्ही कोटेशनांची तुलना हप्त्यावरून केली आहे. आपल्या बाबतीत मात्र सर्व काही एका कलमावर अवलंबून आहे, ते म्हणजे आधीपासून असलेल्या आजाराबद्दलचे कलम. ३१ हजारांच्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी काहीच मिळत नाही, शिवाय साठीपुढच्या व्यक्तींसाठी खोलीभाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया यांवर वेगवेगळ्या उपमर्यादा घातलेल्या आहेत. विमा रक्कम ५० हजार डॉलर छापलेली असली तरी या मर्यादांमुळे प्रत्यक्षात हाती येणारी रक्कम त्याहून फारच कमी असू शकते. ही पॉलिसी मी बाजूला ठेवतो. ५४ हजारांच्या पॉलिसीत उपमर्यादा नाहीत, पण आधीच्या आजारासाठी केवळ जीव धोक्यात असतानाचा उपचार आणि तोही ठराविक रकमेपर्यंतच धरला आहे. अमेरिकी योजनेत आधीच्या आजाराचा अचानक उद्भवलेला झटका पूर्ण विमा रकमेपर्यंत धरला आहे, मात्र त्यालाही अटी आहेत: त्रास पूर्वसूचनेशिवाय सुरू झालेला असावा, २४ तासांच्या आत उपचार घेतलेले असावेत आणि वय ७० च्या आत असावे. काही योजनांत हृदयविकार आणि पक्षाघात यांसाठी वेगळी, कमी मर्यादा असते, म्हणून ती ओळ मुलीला मूळ कागदपत्रात शोधायला सांगावी. नेहमीची तपासणी, रोजच्या गोळ्या आणि हळूहळू वाढत गेलेला आजार यांचा खर्च तीनपैकी कोणत्याच पॉलिसीत येत नाही.

यावरून माझे मत असे की दोघांनी एकच पॉलिसी घेण्याचे कारण नाही. आपल्यासाठी अमेरिकी योजना घ्यावी आणि बाईंसाठी भारतीय कंपनीची उपमर्यादा नसलेली एक लाख डॉलरची पॉलिसी घ्यावी. त्यांचा मधुमेह आटोक्यात आहे. त्यांच्या बाबतीत मोठा धोका नव्याने उद्भवणाऱ्या आजाराचा किंवा पडझडीचा आहे, आणि तो या पॉलिसीत चांगला झाकला जातो. दुसरी सूचना मुक्कामाबद्दल. विमा दिवसांवर चालतो. बाळंतपण सप्टेंबरमध्ये असताना जूनपासून जाऊन बसल्याने तिकिटाचे पैसे वसूल होतात असे वाटते, पण विम्याचा खर्च वाढत जातो. ऑगस्टच्या मध्यावर निघून नोव्हेंबरच्या अखेरीस परतलात तर साधारण शंभर दिवस होतात. आपल्या कोटेशनमधील आपला वाटा सहा महिन्यांसाठी ९५ हजार आहे. शंभर दिवसांचा तो ५३ हजारांच्या आसपास येईल. बाईंची पॉलिसी त्याच मुदतीसाठी १५ हजारांच्या आसपास मिळावी. एकूण सुमारे ६८ हजार, म्हणजे आपण ज्याला घाबरलात त्याच्या निम्म्याहूनही कमी.

मुदत ठेव मात्र मोडू नका आणि दुसरीकडे गुंतवूही नका. तिचा उपयोग वेगळा आहे. प्रत्येक दाव्यात सुरुवातीची काही रक्कम रुग्णालाच भरावी लागते, तिला डिडक्टिबल म्हणतात. ती शंभर डॉलरऐवजी पाचशे डॉलर निवडल्यास हप्ता आणखी उतरतो, आणि पाचशे डॉलर आपली ठेव सहज सोसू शकते. ताप, खोकला, मुरगळलेला पाय यांसाठी आधी स्वतः पैसे भरून नंतर मागायचे असतात, त्यासाठीही ती उपयोगी पडेल. अशा किरकोळ त्रासासाठी आपत्कालीन विभागात न जाता अर्जंट केअर नावाच्या दवाखान्यात जावे. तेथील खर्च बराच कमी असतो.

आपल्या पत्रातील एका वाक्याने मला काळजी वाटली. "एजंट म्हणतो की अर्जात स्टेंटचे लिहू नका, नाहीतर हप्ता वाढेल," असे आपण लिहिले आहे. हा सल्ला कृपया मानू नका. छातीत दुखू लागल्यावर तेथील डॉक्टर पहिलाच प्रश्न पूर्वीच्या आजाराचा विचारतील, आणि जिवाच्या भीतीने आपण खरे तेच सांगाल, सांगायलाच हवे. ते उत्तर रुग्णालयाच्या नोंदीत जाते, अँजिओग्राफीत स्टेंट दिसतोच, आणि विमा कंपनी दावा मंजूर करण्यापूर्वी हीच कागदपत्रे मागवते. म्हणजे लपवलेली गोष्ट नेमकी त्याच वेळी उघड होते, ज्या वेळी पैशांची गरज सर्वाधिक असते. एजंटचे कमिशन तोवर त्याच्या खात्यात जमा झालेले असते. अमेरिकी योजना घेताना बहुधा आरोग्याचे प्रश्न विचारले जात नाहीत, पण त्यामुळे गाफील राहू नये. तेथे हीच तपासणी दाव्याच्या वेळी होते.

प्रत्यक्ष प्रसंग आला तर क्रम असा ठेवावा. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, अंग लुळे पडणे यांपैकी काहीही झाले तर प्रथम ९११ ला फोन करावा, विमा कंपनीला नंतर. मुलीला त्रास नको म्हणून सकाळपर्यंत दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडची सवय येथे दुहेरी घातक आहे, कारण त्यात जीवही धोक्यात येतो आणि २४ तासांची अटही मोडते. रुग्णालयात पोहोचल्यावर मुलीने किंवा जावयांनी विम्याचे कार्ड दाखवून कार्डावरील मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे. मग कंपनी रुग्णालयाला पैसे देण्याची हमी देते आणि भरती असलेल्या रुग्णाचे बिल परस्पर चुकते होऊ शकते. रुग्णालय विमा कंपनीच्या जोडणीतील, म्हणजे तिच्याशी करार असलेले, असेल तर हे सोपे जाते, म्हणून मुलीच्या घराजवळचे असे रुग्णालय आधीच पाहून ठेवावे. भरतीच्या वेळी पुढे येणाऱ्या कागदांत बिलाची जबाबदारी स्वीकारणारा एक कागद असतो. जामीनदार म्हणून सही करताना आपण गावात जेवढा विचार करतो, तेवढा तेथे जावयांनीही करावा. सुट्टी मिळाल्यावर रुग्णालय, डॉक्टर, क्ष-किरण विभाग आणि रुग्णवाहिका यांची बिले वेगवेगळी आणि कित्येक आठवड्यांनी येतात, त्यामुळे आपण गावी परतल्यावरही मुलीच्या पत्त्यावर येणारे टपाल तिने उघडून पाहावे.

दोन्ही पॉलिसींत रुग्णाला हलवण्याचा आणि दुर्दैवाने मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च आहे. त्याविषयी घरात बोलणे कोणालाही आवडत नाही, पण ती रक्कम किती आहे हे मुलीला माहीत असावे. आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. भारतीय कंपनीशी वाद झाल्यास आपल्याला येथील विमा लोकपालांकडे जाता येते. अमेरिकी योजनेचा पाठपुरावा मुलीलाच तेथून करावा लागेल. तिच्याकडे लहान बाळ असेल, म्हणून हे काम जावयांनी आपल्याकडे घ्यावे, असे मी सुचवेन.

भारतीय पॉलिसी देश सोडण्यापूर्वीच घ्यावी लागते आणि मुक्काम वाढला तर ती संपण्याआधीच वाढवावी लागते; परतीच्या तिकिटाच्या तारखेनंतर आठवडाभराची मुदत जास्त धरावी. दोघांची नेहमीची औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. अर्ज भरून झाल्यावर सही करण्यापूर्वी त्याची प्रत आणि अँजिओप्लास्टीचे डिस्चार्ज कार्ड मला पाठवावे. दोन्हींतील तारखा आणि औषधांची नावे जुळतात का, हे पाहून लगेच कळवीन.